कुपोषित बालकांच्या वॉर्डातून सार्वजनिक आरोग्याकडे

प्रश्न : मी मूळची मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली असून बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोषण पुनर्वसन केंद्रातून वजन वाढवून घरी पाठवलेली बालके काही महिन्यांनी पुन्हा दाखल होताना मी पाहिली. त्यामुळे सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. (पदव्युत्तर पदवी) करावे असे वाटते. वडील मात्र सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्स) परीक्षा देण्याचा आग्रह धरतात. काय करावे?

उत्तर : तीच बालके परत येतात, ही तुमची नोंद फार मोलाची आहे आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण नेमके तिथूनच सुरू होते. केंद्रात साधारण १४ दिवस उपचारात्मक आहार मिळतो, दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेले मूल हळूहळू सावरते, आईला बुडीत मजुरीही मिळते. परंतु गावातले काम संपले की तेच कुटुंब मजुरीसाठी परगावी किंवा वीटभट्टीवर जाते. मुलाचे नाव अंगणवाडीच्या पटावर राहते, आहारही तिथेच राहतो आणि फेरतपासणीच्या तारखेला घराला कुलूप असते. अशा मुलाचे वजन पुन्हा घटले, तर त्यात आईचा निष्काळजीपणा शोधणे अन्यायाचे आहे. खाटेजवळ काय करायचे हे नर्सिंग शिकवते. कोणत्या वस्तीतली, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कामावर गेलेल्या कुटुंबांतली मुले परत येतात, हे मोजून दाखवायला आणि त्यावरून योजना बदलायला लावायला रोगपरिस्थितिविज्ञान (रोग कुणाला, कुठे आणि का होतो याचा अभ्यास), संख्याशास्त्र व आरोग्याचे अर्थशास्त्र शिकावे लागते.

असे मोजमाप काय साधते, याचे क्षयरोगातले एक उदाहरण सांगतो. उपाशी शरीराला क्षयरोग लवकर गाठतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणीत काही रुग्णांच्या घरातील प्रौढांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या देण्यात आल्या. इतर रुग्णांच्या घरी शिधा फक्त रुग्णाला मिळाला. पहिल्या गटातील कुटुंबीयांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले आणि २०२३ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेतील मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. गरिबी आजाराला कारण ठरते, हे सर्वांनाच कळते. ती किती प्रमाणात कारण ठरते आणि शिधा दिल्याने किती आजार टळतो, हे आकड्यांत मांडणारी माणसे मात्र आपल्याकडे कमी आहेत, आणि तुमच्यासारख्या त्या भागातूनच आलेल्या तर आणखी कमी.

तरीही वडिलांचे म्हणणे मी बाजूला सारणार नाही. पदवीनंतर लगेच एम.पी.एच. करणाऱ्यांना वस्तीवरचा अनुभव नसल्यामुळे पहिली नोकरी मिळायला अडचण येते आणि सुरुवातीचे काम बहुधा प्रकल्पापुरते, कंत्राटी असते. म्हणून परीक्षा अवश्य द्या. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर काम मिळाले, तर तेही कंत्राटी असले तरी मी त्याला प्राधान्य देईन, कारण आशा, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत यांच्याशी तिथे रोजचा संबंध येतो. दोन वर्षे असे काम करून मग एम.पी.एच.ला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन आरोग्यविज्ञान अभ्यास केंद्र यांचे अभ्यासक्रम आधी पाहा. पात्रता, शुल्क व प्रवेशपद्धती त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच तपासा. प्रत्यक्ष क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे, विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करतात का, आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे विचारल्याशिवाय कुठेही शुल्क भरू नका. तुम्ही अनुसूचित जमातीच्या असाल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची चौकशी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आताच करून ठेवा.

दरम्यान, केंद्रप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन पुन्हा दाखल झालेल्या बालकांच्या नोंदी, नावे वगळून, एका तक्त्यात मांडा: पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा दाखल झाल्याचा महिना, मधल्या काळात कुटुंब कुठे होते, रेशन मिळाले का, फेरतपासणी किती वेळा झाली. एम.पी.एच.चा अर्ज भरताना आपल्याला नेमका कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे, हे त्या तक्त्याच्या आधारे लिहिता येईल.