माश्या उडतायत, मग पेटी हलकी का?

प्रश्न : आमच्याकडे सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. मागे खडीक्रशर, पुढे हायवे. दोन वर्षं झाली मध घटत चाललाय, माश्या तर रोज उडताना दिसतात. पोरगा म्हणतो हे नॅनो कणांचं पोल्युशन. खरंय का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : पोरगा अर्धा बरोबर आहे. क्रशरची जी धूळ पानांवर पांढरी बसलेली दिसते ती नॅनो नाही हो, नॅनोपुढे ते धोंडेच! नॅनो म्हणजे १०० नॅनोमीटरपेक्षा बारीक, आणि आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड, आता करा हिशोब. तसली काजळी डिझेलच्या धुरात भरपूर असते, म्हणजे नॅनोचा संशय घ्यायचाच तर आधी हायवेवर घ्या.

माशी उडताना अंगावर स्थिर वीज साठते, पराग पटकन चिकटतो तो त्यामुळेच, पण पराग कुठला न धूळ कुठली हे त्या विजेला थोडंच कळतंय, दोन्ही चिकटतं, मग माशी पायांनी अंग झाडून गोळी करते आणि तो सगळा माल पेटीत जातो.

राहिलं ‘माश्या तर उडतायत’. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या गीता थिम्मेगौडा आणि त्यांच्या टीमने शहरात ठिकठिकाणी फुलांवर आलेल्या १,८०० च्या वर आग्या माश्या पकडल्या, अभ्यास २०२० मध्ये छापून आला. माश्या पकडल्या तेव्हा चांगल्या कामावर होत्या, आणि जास्त प्रदूषित भागातल्या ८० टक्क्यांहून जास्त माश्या २४ तासांत मेल्या! अंगावर शिसं, आर्सेनिक असलेले कण, हृदयाचे ठोके बिघडलेले, अशा ठिकाणी फुलांवर फेऱ्याही कमी. (तिथे मोजलेले कण १० मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे १०,००० नॅनोमीटरपर्यंतचे होते, सगळे नॅनो नव्हेत, व्हॉट्सॲपवर मात्र सगळं एकाच पिशवीत येतं.) म्हणजे उडणारी माशी ठणठणीत असेलच असं नाही.

पण लगेच क्रशरवाल्याशी भांडायला जाऊ नका. आधी पेटी उघडून फळी उचलून बघा, मेणकिड्याची जाळी आहे का, अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या फुगून मेल्यात का, अळ्या तशा असतील तर तो थाई सॅक ब्रूड, अळ्यांचा विषाणूरोग, सातेरीचा जुना दुश्मन, त्यात धुळीला दोष देऊन उपयोग नाही. काहीच नाही सापडलं तर दोन पेट्या चार-पाच किलोमीटर आत, रानाच्या बाजूला न्या, रात्री, दार बंद करून, आणि दोन इथेच ठेवा. मातीच्या थाळीत खडे टाकून पाणी ठेवा, रोज बदला, धूळ त्यातही पडते. सीझन संपला की चारही पेट्यांचा मध वेगवेगळा तोला आणि आकडे कळवा.