‘जर्नीमन मिडफिल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

मडगावच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. गोव्यातल्या एका निवृत्त फुटबॉलपटूवर त्या लेख लिहीत आहेत. हा गृहस्थ अनेक संघांकडून खेळला, कायम मधल्या फळीत. इंग्रजीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन मिडफिल्डर’ म्हणतात. त्यांनी ‘भटका मध्यरक्षक’ असं लिहिलंय आणि ते बरोबर आहे का, असं विचारलंय.

ताई, ‘भटका’ आधी काढा. ‘जर्नी’ म्हणजे प्रवास, हे आपल्या डोक्यात पक्कं असल्यामुळे ही गफलत होते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या कारागिरांत शिकाऊ उमेदवारी संपवलेला, पण अजून स्वतः उस्ताद न झालेला, दिवसाच्या मजुरीवर काम करणारा तो जर्नीमन. आपल्याकडे गोव्यात सुताराला ‘मेस्त’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज ‘मेश्त्रे’ म्हणजे उस्ताद, यावरून आला. जर्नीमन या मेस्ताच्या एक पायरी खालचा, पण हातात पूर्ण कसब असलेला. खेळाच्या इंग्रजीत पुढे त्याला संघ बदलण्याची छटा चिकटली आणि ‘भरवशाचा, पण असामान्य नव्हे’ अशीही. म्हणून केवळ संघांची यादी लांब आहे एवढ्यावरून हा शब्द कुणालाही लावू नये. कुडतरीचा लेनी रॉड्रिग्ज चर्चिल ब्रदर्स, एफसी पुणे सिटी, बेंगळुरू एफसी, एफसी गोवा, एटीके मोहन बागान असा खेळला, भारताकडूनही खेळला. त्याला जर्नीमन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय संघ का बदलले, हेही पाहायला हवं. 2014 ते 2016 या काळात आयएसएल (इंडियन सुपर लीग) वर्षाचे अखेरचे दोन-तीन महिनेच चालायची आणि आय-लीग ही दुसरी राष्ट्रीय स्पर्धा त्यानंतर. एकाच मोसमात एक खेळाडू दोन संघांत दिसायचा, त्यातला एक बऱ्याचदा उसनवारीचा. 2016 मध्ये तर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्यातल्या तीन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. राष्ट्रीय पातळीवर खेळायचं तर गोव्यातल्या मुलांना दुसरं दार ठोठावणं भागच होतं. त्यांना ‘भटके’ म्हणायचं? ‘भाडोत्री’ तर त्याहून वाईट. ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ कानाला गोड लागतं, पण त्यात बेरकीपणाचा वास आहे.

माझ्या मते एका नामाचा हट्ट सोडावा. ‘कसलेला’ हे विशेषण घ्या. त्यात अनुभव आहे, मेहनत आहे आणि कमीपणा नाही. संघबदल क्रियापदात येऊ द्या: ‘संघोसंघी खेळलेला, मधल्या फळीतला कसलेला खेळाडू.’ ‘गावोगावी’, ‘घरोघरी’ आपण म्हणतोच, त्या चालीवर ‘संघोसंघी’ सहज बसतं.

‘मध्यरक्षक’ चुकीचा नाही, वर्तमानपत्रांत रुळलेला आहे. पण त्यातल्या ‘रक्षका’मुळे मिडफिल्डर फक्त बचाव करतो असं वाटतं. चेंडू हिसकावून तोच पुढे आघाडीवीराला देणं हे त्याचं निम्मं काम. तुमचा खेळाडू नेमका काय करायचा ते पाहून ठरवा; बचावफळीसमोर ठाण मांडणारा असेल, तर मध्यरक्षक चपखल.

‘कसबी’ हा शब्दही सुचेल. पुरुषाला चालेल, पण पुढे कधी महिला फुटबॉलपटूवर लिहाल तेव्हा टाळा. ‘कसबीण’चा ‘वेश्या’ हा जुना अर्थ अजून लोकांच्या कानात आहे. तिथे ‘कसलेली’ निर्धास्त वापरा.