मुंजीच्या डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली एमपी४ मध्ये कशा बदलायच्या?

दांडिया बाजारच्या घरी झालेल्या मुंजीच्या डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली (डीव्हीडीवरचा व्हिडिओ यांतच असतो) पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लागत नाहीत आणि बदलताना चित्र बिघडेल अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. भीती रास्त आहे, पण उपाय सोपा आहे.

आधी डिस्कवरचं 'व्हिडिओ टीएस' हे अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या डिस्क कालांतराने वाचेनाशा होतात, म्हणून हे आजच करा. मग हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सुटी व्हीओबी न देता फोल्डरच उघडा. डीव्हीडीवर कार्यक्रमाचे १ जीबीपर्यंतचे तुकडे असतात, ते असे सलग जोडले जातात.

फॉरमॅट एमपी४, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) एच.२६४, क्वालिटी आरएफ (हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा) १८ ते २०. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं, फाइल मोठी. आकार वाढवू नका. आपल्याकडची पाल (आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) डीव्हीडी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असते, उंची १०८० केल्याने आजीचा चेहरा स्पष्ट होत नाही.

डीइंटरलेस (ओळींचं चित्र पूर्ण करणारा पर्याय) मात्र विसरू नका. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र एकाआड एक ओळींनी साठवलेलं असतं, म्हणून बटू हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. डीइंटरलेसमध्ये 'बॉब' (ओळींच्या प्रत्येक संचाची वेगळी फ्रेम करणारी पद्धत) निवडा आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ५० ठेवा; भिक्षावळीतली धावपळ मूळसारखीच सफाईदार दिसेल.

पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवण्याची एक रचना) पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही. आणि मूळ फोल्डर पुसू नका: प्रत्येक रूपांतरात थोडं चित्र जातंच, तेव्हा पुढचं रूपांतरही त्याच फोल्डरवरून करा.