रोबोट जरा थांबू दे, आधी प्रश्न शोध

खारघरच्या कॅन्सर रुग्णालयात रुजू झालास, अभिनंदन! पण पहिल्याच महिन्यात रोबोटिक शस्त्रक्रियेवर शोधनिबंध लिहायची घाई नको. आपल्याकडे गाल-हिरडीच्या कॅन्सरचे रुग्ण जास्त. तोंडातून होणारी रोबोटिक शस्त्रक्रिया मुख्यतः घशातल्या गाठींसाठी. म्हणून संशोधनाचा प्रश्न ओपीडीतूनच उचल.

टाटा मेमोरियल रुग्णालयाची 2015 ची चाचणी आधी वाच. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नेक डिसेक्शन (मानेतल्या लसिका गाठी काढणं) लगेच केलं तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलं तर 67.5. किती साधा प्रश्न, बघ!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधीच रुग्णांच्या फायली उपसणे.
- रोबोटच्या सिम्युलेटरवर (सरावाच्या यंत्रावर) फक्त वेळ मोजणे. बहुतेक रोबोटवर टाक्याच्या धाग्याचा ताण हाताला जाणवत नाही. धागा तुटेल का, हे नजरेनेच ओळखावं लागतं. तिथे सावकाश जा.

एआय वगैरे नंतर बघू.