पियानो घरी गोड, स्टेजवर डबा

प्रश्न : काका नमस्कार. सहा वर्षं झाली एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय, त्याआधी भजनी मंडळात पेटीवर होतो. मागच्या वर्षी हप्त्यावर ६१ पट्ट्यांचा स्टेज सिंथ घेतला. स्ट्रिंग्ज, ब्रास, बासरी सगळं लय भारी वाजतंय पण पियानो काय जमंना बगा. घरात हेडफोन लावला की अंगावर काटा येतो, आणि मंडळाच्या स्टेजवर तोच पियानो पत्र्याच्या डब्यागत वाजतो. साऊंडवाला म्हणतो तुझ्या मशीनमध्येच दम नाही, आमचे गायक म्हणतात ८८ पट्ट्यांचं घे. पहिल्याचे हप्ते अजून चालूच आहेत, काय करू?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : भावा, आधी खिशातला हात बाहेर काढ. मशीनमध्ये दम नसता तर हेडफोनवर काटा आला नसता, एवढं साधं आहे. माझ्या मते अर्धा दोष तुझ्या वायरीत आहे आणि अर्धा तुझ्या पेटीच्या बोटांत. बोटांचं ऐकायला कडू लागेल म्हणून वायरीपासून सुरू करतो.

तुझ्या कीबोर्डमधून मिक्सरला किती वायरी जातात? पत्रात लिहिलं नाहीस पण पैज लावतो, एकच. आता असं बघ, मशीनमधला पियानो म्हणजे खऱ्या ग्रँड पियानोचं रेकॉर्डिंग असतं आणि ते करताना निदान दोन माइक लावलेले असतात, एक खर्जाच्या अंगाला, एक वरच्या स्वरांच्या अंगाला. कुठलाही एक स्वर दोन्ही माइकला पोचतो पण जरा मागंपुढं. हेडफोनमध्ये डावा माइक डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात, त्यामुळं पियानो लांबरुंद समोर पसरल्यासारखा वाटतो. तेच दोन आवाज एका वायरीत कोंबले की झोपाळ्याला दोघांनी उलटसुलट धक्के द्यावेत तसं होतं, एकाचा धक्का पुढं तेव्हा दुसऱ्याचा मागं, काही स्वर फुगतात, काही जागच्या जागी मरतात. तुझा डबा तो हाच. बासरीला किंवा ब्रासला हे फारसं जाणवत नाही, पियानोला जाणवतं कारण तिथं दोन बाजूंत फरक जास्त असतो.

मशीनच्या पाठीमागं दोन भोकं असतात, त्यातल्या एल (डाव्या) वाल्या भोकाशेजारी बहुतेक वेळा मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वायरीत, असंही लिहिलेलं असतं. फक्त तिथंच पिन घातली की बऱ्याच मशीनमध्ये आतल्या आत डावं-उजवं एकत्र होऊन बाहेर पडतं. त्याला उपाय असा की आधी पॅचच्या, म्हणजे मशीनमधल्या तयार आवाजांच्या, यादीत मोनो पियानो आहे का बघ, पुष्कळ स्टेज मशीनमध्ये तो असतो, घरी ऐकला तर चपटा वाटतो म्हणून कोण हात लावत नाही बिचाऱ्याला. तो नसेल तर आर च्या भोकात एक रिकामी पिन नुसती खोचून ठेव, वायरीचं दुसरं टोक कशालाच जोडायचं नाही. मशीनला वाटतं दोन्ही बाजू लागल्यात, मग एल मधून फक्त डावी बाजू जाते. मिसळ खायलाच बरी, वायरीत नको. खर्ज पुढं आणि वरचे स्वर मागं गेल्यासारखे वाटले तर आर ची बाजू पाठवून बघ, कान सांगेल ती ठेव. आणि दोन वायरी दिल्या म्हणजे सुटलो असंही समजू नको, डॉल्बीच्या दोन्ही भिंती एकच आवाज फेकत असतील तर मिक्सरमध्ये जाऊन तीच मिसळ होणार. म्हणून साऊंडवाल्याला आधी विचार, सिस्टीम मोनो चालवतोस का स्टिरिओ. वाद घालू नको, चहा पाज आणि विचार.

हे सगळं घरी तपासता येतं. हेडफोन काढ, एका साध्या स्पीकरला एका वायरीनं जोड आणि सगळे पियानो पॅच एकामागून एक वाजव. गिटारचा अँप घेऊ नको, त्यात वरचा आवाज कापला जातो, पियानोच्या हातोडीची टकटक त्यात येतच नाही.

आता पॅच निवडायचं. घरी एकटा असताना आपण सगळे तो भरदार, मऊ, लांब घुमणारा कॉन्सर्ट ग्रँड लावतो. पण स्टेजवर तुझ्यासोबत बेस गिटार आहे, ढोलकी आहे, ऑक्टापॅड आहे, दोन गायक आहेत, त्या गर्दीत मऊ पियानो म्हणजे महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी हळू आवाजात हाक मारल्यासारखं. एकट्यानं ऐकताना जरा कर्कश वाटतो तो ब्राइट पियानो घे, बँडमध्ये तोच पियानोसारखा ऐकू येतो. ६१ पट्ट्यांच्या मशीनचा सगळ्यात खालचा सा, म्हणजे काळी-पांढरीतली पहिली पांढरी, साधारण ६५ हर्ट्झला असतो आणि बेस गिटारची जाड तार ४१ ला, म्हणजे तुझा डावा हात खाली गेला की तुम्ही दोघं एकाच खोलीत. साऊंडवाल्याला सांग १०० हर्ट्झच्या खालचं काप, ३०० च्या आसपास थोडं कमी कर, ३००० च्या जवळ किंचित वर घे. किंचित म्हणजे किंचित.

रिव्हर्बबद्दल, म्हणजे मशीन आवाजाला जो घुमारा लावतं त्याबद्दल, एक स्वतःची फजिती सांगतो. गणपतीत एका चौकात कार्यक्रम होता, मी मशीनमध्ये हॉल रिव्हर्ब भरपूर लावलेला, साऊंडवाल्यानं त्याच्यावर त्याचा इको चढवलेला, आणि समोर चार मजली इमारत. मी सुरुवातीचा पीस वाजवला आणि तो मला समोरून परत आला, अर्धवट, उशिरा, दुसराच कोणीतरी वाजवतोय असा. गायिका माझ्याकडं बघायला लागली की कुठल्या पियानोवर घेऊ. तेव्हापासून मी मिक्सरवरचा इको कीबोर्डच्या चॅनेलला बंदच ठेवायला सांगतो. शाहू स्मारकसारख्या बंद हॉलमध्ये जागेचा स्वतःचा घुमारा असतो, तिथं मशीनचं रिव्हर्ब जवळजवळ शून्यावर आण, गांधी मैदानासारख्या उघड्या जागेवर थोडं लागतं, नाहीतर पियानो सुकलेल्या भाकरीसारखा होतो.

बरं, आता बोटं. थोर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात बसून पेटीला नावं ठेवायची माझी छाती नाही, पण पेटीत आवाज लहानमोठा करतो तो भाता, बोट नाही. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच. त्यामुळं पेटीवाल्याची बोटं वर्षानुवर्षं एकाच वजनानं पडतात आणि त्याला ते कळतही नाही. पियानोचं उलटं आहे. इटलीत क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हे वाद्य केलं तेव्हा त्याची ओळखच पियानो ए फोर्टे अशी होती, म्हणजे हळू आणि जोरात, कारण तोवरच्या हार्पसिकॉर्डमध्ये बोटानं ते करता येत नव्हतं. तुझ्या मशीनमध्ये तो हळू-जोरात १ ते १२७ अशा आकड्यांत मोजला जातो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, आणि चांगल्या पॅचमध्ये हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळी रेकॉर्डिंगं एकावर एक रचलेली असतात. तू सगळं १००-११० नं मारत असशील तर सगळ्यात वरचा, ठणठणीत थरच वाजत राहणार, खालचे थर विकत घेऊन कपाटात ठेवल्यासारखे. त्यात स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, लांब असला की स्वतःचं ऐकू येत नाही, मग माणूस अजून जोरात मारतो. म्हणून मॉनिटर कानाजवळ घे, बोटं आपोआप हलकी होतात. हे मला कळायला दहा वर्षं लागली, तुला फुकटात सांगतोय.

घरी एक कर. एकच सा दहा वेळा वाजव, पहिला जेमतेम ऐकू येईल एवढा, दहावा पूर्ण जोरात, मधले आठ पायरीपायरीनं. पहिल्या दिवशी तीनच पायऱ्या निघतील, बघ. सेटिंगमध्ये टच किंवा व्हेलॉसिटी कर्व्ह असतो, लाइट-मीडियम-हेवी असा, तुझी बोटं जड असतील तर हेवीवर टाक, म्हणजे तेवढ्याच जोरात आवाज कमी चढतो. कोणीतरी फिक्स्डवर ठेवलाय का तेही बघ, तसं असेल तर मग पेटीच आहे ती.

आणि डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर, त्याला पट्ट्यांची सवयच नसते (पायपेटीवाल्यांचं वेगळं, त्यांचे दोन्ही हात मोकळे). मग कीबोर्डवर आल्यावर तो हात खाली जाऊन सा-ग-प अशी तीन बोटांची मूठ आवळून बसतो. खर्जात जवळजवळचे स्वर एकत्र वाजले की नुसता चिखल होतो. खाली सा आणि प ठेव, गंधार उजव्या हाताला वरच्या सप्तकात दे. बेस गिटारवाला असेल तर डावा हात अर्धा वेळ मांडीवर ठेवलास तरी चालेल, लोक म्हणतील पियानो आज साफ वाजला.

८८ चं म्हणशील तर जड पट्ट्यांवर पियानो छान वाजतो पण ऑर्गनच्या घसरणी आणि भराभर ब्रासचे तुकडे त्रासदायक होतात, शिवाय ते धूड स्कूटरवर कसं नेणार सांग. हप्ते फिटूदेत.

प्रश्न : सर, नवीन सस्टेन पेडल घेतलं, दाबलं की सूर तुटतो आणि पाय उचलला की लांबत राहतो. दुकानदार बदलून देत नाही.
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : सस्टेन पेडल दाबलं की सूर लांबायला हवा, म्हणजे तुमचं पेडल खराब नाही, उलट आहे. काही कंपन्यांची पेडल दाबल्यावर सर्किट जोडतात, काहींची दाबल्यावर तोडतात. मशीन बंद करा, पेडल लावा, पाय पूर्ण लांब ठेवा आणि मग मशीन चालू करा, बरीच मशीन चालू होताना पेडलची बाजू स्वतः ओळखतात. तुम्ही चालू करताना पाय त्यावर ठेवत असाल तर तेच कारण. तरीही उलट राहिलं तर सेटिंगमध्ये पेडल पोलॅरिटी शोधा, किंवा पेडलच्या पोटाखाली एक छोटा खटका असतो का ते बघा. आणि पेडलखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, नाहीतर ऐन गाण्यात ते घसरत बेस गिटारवाल्याकडं जातं.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, वर्षभर पियानो शिकतेय. घरी हलक्या पट्ट्यांचा ६१ चा कीबोर्ड आहे. बाई म्हणतात वजनाच्या पट्ट्यांचा घ्या. खरंच गरज आहे का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, बाई बरोबर सांगताहेत. वर त्या भावाला मी नको म्हणालो कारण त्याला स्टेजवर दहा आवाज वाजवायचेत, तुमच्या मुलीला एकच वाद्य शिकायचंय. खऱ्या पियानोत प्रत्येक पट्टीमागं हातोडी असते, खर्जाकडं पट्ट्या जड आणि वर हलक्या होत जातात, ते वजन बोटांना आत्ता मिळालं नाही तर पुढं खऱ्या पियानोवर बसली की बोटं दमतात. आवाज पाचशे नकोत, एक चांगला पियानो आणि ८८ पट्ट्या पुरेत. दुकानात तिलाच घेऊन जा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून वाजवायला सांगा आणि नुसता पट्ट्यांचा खडखडाट ऐका, काही मशीनमध्ये तो फार असतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोन लावूनही खालच्या मजल्यावर धपधप ऐकू जाते, स्टँडखाली जाड सतरंजी दुमडून घाला.