नंबराचे पहिले आकडे आणि कॉलचे पैसे

प्रश्न : माझ्या बँकेचा १८६० ने सुरू होणारा नंबर मी मोबाइलवरून लावला आणि वीस मिनिटे नुसते संगीत ऐकत थांबलो. पॅक ‘अनलिमिटेड’ असूनही पैसे कापले गेले. मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तो म्हणतो की, तिकडे पूर्वी अशा कॉलमधून कंपन्या कमाई करत. हे खरे आहे का? आपल्याकडे नंबर बदलण्याची जी चर्चा आहे, तिने हे थांबेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे. ब्रिटनमध्ये ०८४५ चा कॉल स्थानिक दराने आणि ०८७० चा दूरच्या कॉलच्या दराने आकारला जाई. पुढे साध्या कॉलचे दर उतरत गेले, मात्र हे दर त्या प्रमाणात उतरले नाहीत, आणि वरच्या पैशातला वाटा ज्याला फोन लावला त्या कंपनीला मिळू लागला. ग्राहकाला जितका वेळ ताटकळत ठेवावे तितकी कंपनीची मिळकत वाढावी, ही व्यवस्था माझ्या मते मुळातच अन्यायाची होती. तेथील नियामक ऑफकॉमने २००७ मध्ये साध्या कॉलइतकाच दर असलेली आणि वाटणीला बंदी असलेली ०३ ही मालिका सुरू केली. २०१५ पासून ०८४ आणि ०८७ च्या कॉलमध्ये फोन कंपनीचे शुल्क किती आणि सेवेचे किती, हे वेगवेगळे सांगणे बंधनकारक झाले.

आपल्या १८६० ची गोष्ट वेगळी आहे. तेथे कॉल करणाऱ्याने स्थानिक कॉलचा खर्च द्यायचा आणि उरलेला भार नंबर घेणाऱ्या संस्थेने उचलायचा, अशी विभागणी असते. त्यामुळे त्यातून बँकेची कमाई होत नाही. मडगावहून मुंबईला एसटीडी लावणे महाग होते, त्या काळात ही सोय ग्राहकाच्या हिताची होती. आज साधा कॉल देशभर एकाच पॅकमध्ये बसतो आणि १८६० चा कॉल मात्र बहुधा त्याबाहेर राहतो. म्हणजे सवलतीचा नंबरच आता महाग पडतो. बँकांनी तो सोडून ज्याचे पैसे ग्राहकाला पडत नाहीत असा १८०० चा नंबर द्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

नंबर बदलण्याच्या चर्चेचे मूळ कारण नव्या नंबरांची टंचाई हे आहे. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावण्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आला, कारण टंचाई भागवण्यासाठी पुढे २ ने सुरू होणारे मोबाइल नंबर द्यायचे झाले, तर शून्याशिवाय असा नंबर आणि २ नेच सुरू होणारा पणजीचा स्थानिक नंबर यांत एक्स्चेंजला फरक करता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडील दूरसंचार नियामक ट्रायने आणखी पुढची शिफारस केली : लँडलाइनवरून लँडलाइनला फोन लावतानाही एसटीडी कोडसह पूर्ण नंबर फिरवावा. ती अमलात आली तर पणजीहून म्हापशाला फोन लावतानाही ०८३२ लावावे लागेल. ग्राहकाचा नंबर त्यात बदलत नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. मडगावचा ०८३४ जाऊन साऱ्या गोव्याचा ०८३२ झाला, तेव्हा दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत काय काय बदलावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. लंडनकरांनी तर १९९०, १९९५ आणि २००० असे दहा वर्षांत तीनदा कोड बदलले.

मात्र टंचाई दूर झाली म्हणून आपली तक्रार दूर होणार नाही. येणाऱ्या कॉलबाबत आपल्याकडे चांगली सुरुवात झाली आहे : जाहिरातीसाठी १४० आणि बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० या मालिका ठरल्या आहेत, त्यामुळे फोन कोण करत आहे हे पहिल्या आकड्यांवरून कळू शकते. आपण लावत असलेल्या कॉलचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हेही त्याच आकड्यांवरून तितक्याच स्वच्छपणे कळले पाहिजे, आणि नव्या योजनेत त्याला टंचाईइतकेच महत्त्व मिळायला हवे. तोवर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर १८०० चा अथवा एसटीडी कोड असलेला साधा नंबर आहे का ते पाहावे, आणि नसल्यास शाखेत लेखी मागणी करावी.