बॉलपार्क फिगर मागितली की घाबरू नकोस

अरे बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, अमेरिकन लोकांचा शब्द, आकडा निदान मैदानाच्या आत पडावा एवढाच अर्थ, मराठीत ढोबळ आकडा म्हणतो तेच. पण अंदाजपंचे नव्हे हां! क्लायंटने विचारलं तर '४३ दिवस' असं सांगू नकोस, नेमका आकडा ऐकला की समोरच्याला वाटतं हिशोब झालाय आणि मग तोच तुझ्या गळ्यात पडतो. '६ ते ८ आठवडे, स्कोप (कामाचा आवाका) बघून पक्कं सांगतो' असं म्हण. मी एकदा फोनवर सहज बोललेला आकडा दुसऱ्या दिवशी मेलमध्ये डेडलाईन म्हणून आला होता 😅 तेव्हापासून फोन ठेवला की मीच मेल टाकतो, पहिल्याच ओळीत 'ढोबळ' लिहून. कोटेशनमध्ये मात्र हा शब्द चुकूनही नको.